टीव्हीवरचं हवामान: बडोद्यातून पाहताना

बडोद्यातल्या मराठी घरात हवामान तीन भाषांत येतं. गुजराती वाहिन्यांवर आपल्या शहराचा पाऊस, मराठी वाहिन्यांवर पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा पाऊस आणि हिंदी वाहिन्यांवर बहुतेक वेळा दिल्लीचा. या तिन्हींचा हा आढावा. निवेदक किती गोड बोलतात हा आपला विषय नाही. पडद्यावर काय दाखवतात तो आहे. म्हणून आवाज पूर्ण बंद करून पाहायचं आणि चार गोष्टी कळतात का ते तपासायचं. चित्र किती वाजताचं आहे? पाऊस झालेला आहे की होणारा? नकाशात बडोदे कुठे आहे? आकडा कोणत्या मापात आहे? चारही उत्तरं देणारं बातमीपत्र क्वचितच सापडतं, आणि सगळ्यात जास्त हेळसांड होते ती वेळेची.

उपग्रहचित्र हे वाहिन्यांचं सगळ्यात लाडकं चित्र, म्हणून आधी तेच घेऊ. इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) हे आपले हवामानाचे उपग्रह. एक चित्र टिपायला 27 मिनिटांच्या आसपास लागतात, आणि दोघांच्या वेळा मागेपुढे ठेवल्या की दर 15 मिनिटांनी नवं चित्र मिळू शकतं. हवामान खात्याच्या मूळ चित्राच्या माथ्यावर बारीक अक्षरांची एक पट्टी असते: उपग्रहाचं नाव, तारीख, जीएमटी (ग्रीनिचची) वेळ आणि शेजारी भारतीय वेळ, '1130 ते 1157' अशी. वाहिनीचा ग्राफिक्सवाला पहिली कात्री लावतो ती याच पट्टीला, कारण तिथे त्याला लोगो नि लाल 'ब्रेकिंग' बसवायचं असतं. मग सकाळी साडेअकराचे ढग रात्री नऊच्या बातम्यांतही फिरत राहतात. पट्टीतली फक्त जीएमटी वेळ उरली असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.

याच चित्राचा दुसरा घोळ पांढऱ्या रंगाचा. रात्रीचं चित्र अवरक्त किरणांचं असतं. त्यात पांढरं म्हणजे थंड, आणि थंड म्हणजे उंचावरचा ढगमाथा. पाऊस त्यात दिसत नाही. पावसाळ्यात 14-15 किलोमीटर उंचीवरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, त्यामुळे झाबुआ-रतलामकडे उठलेल्या गडगडाटी ढगाचा पसरट माथा आपल्या डोक्यावर येतो. पडद्यावर बडोदे पांढरंफेक आणि दांडिया बाजारातला रस्ता कोरडा, असं अनेकदा होतं ते यामुळे. 'घनघोर मेघ' म्हणून निवेदक दाखवतो ते त्या ढगाचं पसरलेलं टोक असतं.

रडारचं चित्र पावसाच्या जास्त जवळचं, पण ते वाहिन्यांवर फारसं दिसत नाही. दिसलंच तर एक ध्यानात ठेवा: पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत लांब जाता जाता वर चढतो. अर्ध्या अंशावर सोडलेला झोत 250 किलोमीटरवर जमिनीपासून जवळजवळ 6 किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याच्याखालून पडणारा पाऊस त्याला दिसत नाही. रडारपासून लांबच्या गावावर रंग नाही, म्हणून तिथे पाऊस नाही असं धरून चालायचं नाही.

आता नकाशा आणि माणूस. हिरव्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या निवेदिकेला नकाशा दिसतच नसतो; हिरव्या रंगाच्या जागी तो संगणक बसवतो. डावी-उजवीकडे ठेवलेल्या मॉनिटरमध्ये स्वतःचं चित्र बघून ती हात फिरवते. म्हणून बोट कच्छवर आणि बोलणं सुरतेबद्दल, असं होतं. हिरव्या काठाची साडी असेल तर काठावरून ढग सरकताना दिसतात. कडांना हिरवट झाक असेल तर मागच्या पडद्यावरचा प्रकाश अंगावर सांडतोय असं समजावं. तिला पडद्यापासून दोन-तीन हात पुढे उभं केलं आणि मागून स्वतंत्र दिवा दिला की ते जातं. हे दोष तसे गमतीचे. खरा दोष उभं राहण्याच्या जागेत आहे. हिंदी वाहिन्यांवर निवेदक प्रेक्षकाच्या डाव्या हाताला उभा राहिला की त्याच्या खांद्यामागे नेमका गुजरात जातो. उजवीकडे उभा राहिला तर ईशान्य भारत झाकला जातो. यावर उपाय साधा आहे: नकाशा एका बाजूला सरकवायचा आणि माणसाला समुद्रात उभं करायचं, अरबी समुद्र त्यासाठी पुरेसा मोठा आहे. त्यात भर म्हणून एल आकाराची जाहिरात येते. ती आली की सगळं चित्र आकसतं, गावांची नावं मुंगीएवढी होतात, आणि जिल्ह्याचं नाव वाचायला टीव्हीजवळ उठून जावं लागतं.

तिरपा, फिरणारा, त्रिमितीय नकाशा ही आणखी एक हौस. 2005 मध्ये बीबीसीने असा नकाशा आणला तेव्हा कॅमेरा दक्षिणेकडून बघत असल्यामुळे स्कॉटलंड आखडलेलं दिसायचं. तिथल्या लोकांनी तक्रारी केल्या आणि तिरपेपणा कमी करावा लागला. आपल्याकडे कॅमेरा अवकाशातून गिरक्या घेत खाली येतो, हिमालयावरून उडतो, मुंबईवर थबकतो आणि बडोद्यावरून अर्ध्या सेकंदात निघून जातो. दीड मिनिटाच्या बातमीत वीस सेकंद असे उड्डाणात घालवायचे हा शुद्ध अपव्यय. सपाट, न हलणारा, जिल्ह्यांच्या हद्दी दाखवणारा नकाशा सर्वांत चांगला. तो दिसायला कंटाळवाणा असतो, पण वाचता येतो.

सर्वांत मोठी गल्लत रंगांची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग चार: हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही, त्या जिल्ह्यावर परिणाम काय होईल तेही बघितलं जातं. वाहिन्यांवर पिवळा इशारासुद्धा 'यलो अलर्ट' म्हणून सायरनच्या आवाजात येतो. महिनाभर रोज सायरन वाजला की लालचं मोल राहत नाही. आता दुसरा नकाशा बघा. हंगामात सरासरीच्या किती कमी-जास्त पाऊस झाला ते दाखवणारा, तोही हवामान खात्याचाच. त्यात निळा म्हणजे जास्त, हिरवा म्हणजे सरासरीइतका (19 टक्के इकडे-तिकडे), लाल म्हणजे कमी (20 ते 59 टक्क्यांनी) आणि पिवळा म्हणजे फारच कमी (60 टक्के किंवा त्याहून अधिक तूट). म्हणजे एका नकाशातला लाल जिल्हा पाण्याखाली जायची भीती असलेला, दुसऱ्यातला लाल जिल्हा कोरडा. दोन्ही नकाशे लागोपाठ, कोणता रंग कशाचा हे सांगणारी चौकट कापून दाखवले की बघणाऱ्याचं काय होत असेल ते सांगायला नको. शिवाय ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्यांना चौकट असूनही उपयोग नाही. जिल्ह्यावर रंगासोबत एक अक्षर किंवा तिरप्या रेघा दिल्या तर काम भागतं, पण तसं करणारी वाहिनी दिसत नाही.

मापांचा गोंधळ तर खास गुजराती. हवामान खातं पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतं, पत्रकात पुष्कळदा सेंटिमीटर लिहितं, आणि इथल्या वाहिन्या नि वर्तमानपत्रं सगळं इंचात सांगतात. एक इंच म्हणजे 25.4 मिमी. चोवीस तासांत 64.5 मिमीपासून पुढे मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार, ही खात्याची वर्गवारी. इंचात ढोबळ मानाने अडीच, साडेचार आणि आठ. एवढे तीन आकडे पाठ असले की पुष्कळ मथळ्यांचं वजन स्वतःच करता येतं. 'तालुक्यात 3 इंच, आभ फाटलं' असा मथळा आला तर तो पाऊस मुसळधारच्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे. 31 जुलै 2019 ला बडोद्यात पडला तो जवळजवळ 500 मिमी, वीस इंचांच्या घरात. दोन्ही बातम्यांना ग्राफिक्स मात्र एकच: निळी पार्श्वभूमी, चमकणारी वीज, मोठा आकडा.

आकडे जुळत नाहीत याचंही कारण आहे. गांधीनगरचा राज्य आपत्ती कक्ष तालुक्यांची आकडेवारी सकाळी सहा ते सहा अशी देतो, तर हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. पहाटे सात वाजता जोरदार सर आली तर ती एकाच्या हिशोबात आजची आणि दुसऱ्याच्या हिशोबात कालची. दोघंही बरोबर असतात. वाहिनीने आकड्याखाली 'सहा ते सहा' एवढं लिहिलं तरी पुरे.

याच साडेआठमुळे 'रेड अलर्ट होता आणि काहीच पडलं नाही' ही तक्रारही संध्याकाळी सात वाजता करायची नसते. आजचा इशारा उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो, आणि पाऊस पहाटे तीनला येऊ शकतो. तळघरात गाडी लावणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. टीव्हीवर 'उद्या' म्हणून जी पेटी दिसते ती खात्याच्या तक्त्यात उद्या साडेआठपासून परवा साडेआठपर्यंत असते, पेटीवर मात्र नुसती तारीख.

शहराशेजारच्या चिन्हांबद्दल थोडक्यात. दिवसभरासाठी एकच ढग-आणि-थेंब काढलेला असतो, त्यामुळे पाऊस दुपारी येणार की रात्री हे कळत नाही. पत्रकात 'तुरळक ठिकाणी' म्हटलेलं असतं, म्हणजे विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत. हे शब्द चिन्हात येताना गळतात आणि सगळ्या शहरांवर एकसारखे थेंब काढले जातात. मूळ पत्रक वाचणारा आणि फक्त चिन्ह बघणारा यांच्या मनात दोन वेगळे पाऊस असतात.

मराठी वाहिन्यांचे नकाशे बडोदेकरांना आणखी एका कारणाने छळतात: ते महाराष्ट्राच्या सीमेवर कापलेले असतात. नंदुरबारच्या वर काळं किंवा करडं. कमी दाबाचं क्षेत्र बंगालच्या उपसागरातून निघून मध्य प्रदेशावरून पश्चिमेला सरकतं तेव्हा त्याच्या नैऋत्येला पाऊस सर्वांत जोरात असतो. केंद्र इंदूर-रतलामच्या आसपास असलं की मध्य गुजरात आणि उत्तर महाराष्ट्र त्या माऱ्यात येतात. नकाशा सीमेवर कापला तर पाऊस कुठून आला ते नाशिक-धुळ्याच्या प्रेक्षकालाही कळणार नाही. दोनशे-तीनशे किलोमीटरचा शेजार दाखवायला काही पैसे पडत नाहीत. या वाहिन्यांची जमेची बाजूही सांगायला हवी: कोकण, घाट, मराठवाडा, विदर्भ असे विभाग त्या नीट वेगळे करतात. गुजराती वाहिन्यांवर पुष्कळदा 'मध्य गुजरात' हा एकच रंगवलेला पट्टा असतो.

वादळाच्या दिवसांत पडद्यावर विंडी या हवामानाच्या संकेतस्थळाचं राज्य असतं. वाऱ्याच्या धावत्या रेघा, जांभळा भोवरा, खाली सरकपट्टी. दिसायला सुरेख आणि वापरायला फुकट, म्हणून सगळे ते वापरतात. पण ते संगणकाच्या प्रारूपाने काढलेलं भविष्य असतं, उपग्रहाने टिपलेलं चित्र नसतं. वाहिनीवर त्याला 'लाइव्ह' म्हणतात. त्यात युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस अशी वेगवेगळी प्रारूपं निवडता येतात आणि पाच दिवसांपुढे दोघं वादळाला दोन वेगळ्या किनाऱ्यांवर नेऊ शकतात. निवेदक जे जास्त भीतिदायक ते उघडतो. कोपऱ्यात प्रारूपाचं नाव दिसतं का ते बघावं. दिसत नसेल तर त्या सरकपट्टीवर विसंबू नये.

खात्याचा वादळाचा नकाशा त्यापेक्षा साधा: मार्गाची रेघ, तिच्यावर तारीख-वेळेचे ठिपके आणि भोवती रुंदावत जाणारा शंकू. हा शंकू वादळाच्या केंद्राची संभाव्य जागा दाखवतो. वादळाचा आकार त्यावरून कळत नाही. शंकूबाहेरही वारा-पाऊस येतो, आणि शंकूच्या आतल्या सगळ्या गावांवर वादळ धडकतं असंही नाही. बिपरजॉय 15 जून 2023 ला संध्याकाळी कच्छमध्ये जखौ बंदराजवळ धडकलं, बडोद्यापासून साडेचारशे किलोमीटरहून दूर. त्या आठवड्यात स्टुडिओत छत्र्या उघडून वाऱ्यात डोलण्याचे प्रकार झाले, आणि शंकूचा अर्थ सांगायला कुणाला वेळ मिळाला नाही.

दूरदर्शनचा बाज उलटा. पडदा जुनाट, बोलणं पत्रक वाचल्यासारखं, पण 'तुरळक ठिकाणी' तसंच राहतं आणि पिवळ्याचा लाल होत नाही. डीडी किसानने 26 मे 2024 पासून कृष आणि भूमी हे दोन कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक आणले. त्यांना न दमता कितीही वेळा हवामान सांगता येतं. नकाशा नीट नसेल तर निवेदक हाडामांसाचा असला काय नि नसला काय.

उन्हाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आकडा हवामान केंद्राचा असेल तर तो सावलीतल्या जाळीदार पांढऱ्या पेटीतला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरचा असतो. 'जाणवणारं तापमान' हा फोनवरून उचललेला आकडा त्याच्या शेजारी, त्याच अक्षरात छापला की 42 आणि 47 यांत भांडण लागतं. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, किंवा थेट 45 गाठलं तरी लाट. पडद्यावर पेटलेला सूर्य 39 लाही असतो.

बडोद्यासाठी सर्वांत कामाचं ग्राफिक म्हणजे पुराच्या दिवसांत खाली धावणारी पट्टी: काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्रीची पातळी आणि आजवा सरोवराची पातळी. ऑगस्ट 2024 मध्ये शहरातला पाऊस ओसरल्यावरही नदी चढलेलीच होती, आणि शहरावरच्या चिन्हातून ते कळायला मार्ग नव्हता. विश्वामित्री पावागडाकडून येते. हालोलच्या बाजूला पडलेला पाऊस आणि आजवा-प्रतापपुरा जलाशयांचं पाणी समा, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा या भागांत काही तासांनी पोचतं. म्हणून पावसाच्या नकाशात बडोद्याइतकंच पंचमहालकडे बघायचं. हालोल तालुक्याचा आकडा पडद्यावर आला की तो लिहून ठेवावा.

पट्टीतही उणिवा आहेत. 'विश्वामित्री 24 फूट' एवढंच येतं. किती वाजता, आणि तासापूर्वी किती, हे येत नाही. 24 चढते की उतरते यावरच सामान वर न्यायचं की नाही ते ठरतं, म्हणून तासातासाने आकडा स्वतःच टिपून ठेवावा. धोक्याची पातळी 26 फूट. आणि त्याच पट्टीत आजव्याचे 211 फूट बघून नवखा माणूस हबकतो: ते समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात, नदीचे फूट पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे. दोन्हींचं शून्य वेगळं आहे, तेव्हा एकातून दुसरं वजा करत बसू नये.